तांबूसाठी तंबू (आणि बाकीचं लटांबर)

माचीवरचा | १२ ऑक्टोबर, रात्री ९:४०

रामराम मंडळी. मी साताऱ्यात शाहूपुरीत राहतो. दोन वर्षांपूर्वी घरी तांबू आली. कारवान कुत्री, वय दोनच्या थोडं वर, वजन २२ किलो, नाव रंगावरून. आटपाडीकडच्या एका ओळखीच्या मेंढपाळानं दिली तेव्हा ओंजळीत मावत होती, आता सोफ्यावर मावत नाही. अजिंक्यतारा आमचा रोजचा. यवतेश्वर, पेढ्याचा भैरोबा, जरंडेश्वर एकेकदा झालेत. पण रात्रीचा मुक्काम तिच्यासोबत कधीच नाही.

दिवाळीनंतर थंडी पडली की एक रात्र बाहेर काढावी म्हणतो. डोक्यात वासोटा आहे. माझ्या स्वतःच्या सामानाची अडचण नाही, बरीच वर्षं भटकतोय. गोंधळ आहे तो हिच्या सामानाचा. ऑनलाइन बघायला गेलो तर कुत्र्याचे बूट, कुत्र्याचा रेनकोट, कुत्र्याचं जॅकेट, इतकंच काय गॉगलसुद्धा निघाला. बजेट सहा-सात हजार. मनात आहे ते असं: पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी पिशवी, म्हणजे तिचं पाणी ती वाहील. बूट. घडीचं सिलिकॉनचं भांडं. आणि तिच्यासाठी वेगळा छोटा तंबू, कारण माझा तंबू एकट्यापुरता आहे आणि ही झोपेत लाथा मारते. हार्नेस आहे, बाजारात मिळतो तो साधा, पाठीवर कडीवाला.

ज्यांनी खरंच कुत्रं घेऊन रात्र काढली आहे त्यांनी सांगा. काय घेऊ, काय नको?


कंदीपेढा | १२ ऑक्टोबर, रात्री ९:५८

गॉगल घ्याच. फोटो टाका.


रानवाटा_कराड | १२ ऑक्टोबर, रात्री १०:३१

वासोटा डोक्यातून काढा. बामणोलीची लाँच शिवसागर ओलांडून तुम्हाला जिथं उतरवते ते कोयना अभयारण्य आहे. कोयना आणि चांदोली मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. तिथं पाळीव कुत्रं नेता येत नाही, आणि रात्री राहायची परवानगी तर माणसालाही नाही, संध्याकाळच्या आत लाँचवर परत. प्रचितगड चांदोलीत येतो, तोही गेला. सांगलीकडच्या कुणाला सागरेश्वर सुचेल, तेही अभयारण्य. आणि कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत कुत्रं सोडायचा विचार करू नका, माणसांनी तुडवलंय तेवढं पुरे.

नियम म्हणून कुरकुरत पाळायची ही गोष्ट नाही. कुत्र्याचा डिस्टेंपर नावाचा रोग जंगली प्राण्यांना लागतो. २०१८ साली गीरमध्ये वीसहून जास्त सिंह मेले, त्यात हा विषाणू सापडला होता. कोयनेत रानकुत्री आहेत, कोळसुंदे म्हणतो आपण त्यांना. तांबूला लस दिलेली असली तरी तिचा वास, भुंकणं आणि पाठलाग यांना लस नसते.

त्यापेक्षा चंदन-वंदन ही गडांची जोडी करा. किकलीवरून बेलमाचीला जायचं, जाता जाता किकलीचं भैरवनाथाचं देऊळ आणि वीरगळ बघायचे. चढ फार नाही, माळ मोकळा आहे, नजर लांबवर जाते. खाली गावात विचारून कुणाच्या तरी रानात तंबू टाकायचा.

बिबट्याचं मात्र कुठंही धरूनच चाला. आमच्या कराड-शिराळ्याच्या उसात आहे तसा तिकडच्या डोंगरातही आहे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या गटानं अकोले तालुक्यात बिबट्याची विष्ठा तपासून अभ्यास केला होता, त्यात त्याच्या खाण्यात वजनानं सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. शेळ्या त्याच्या खाली. म्हणून वेगळा तंबू वगैरे विसरा. रात्री कुत्रं तुमच्या तंबूत, तुमच्या कुशीत, तंबूची चेन बंद.


माचीवरचा | १२ ऑक्टोबर, रात्री १०:४४

वासोट्याचं माहीत नव्हतं असं नाही, पण मुक्काम बंद आहे म्हणजे फक्त गडावर बंद असेल असा सोयीचा समज करून घेतला होता. रद्द. चंदन-वंदन पक्कं.

वेगळा तंबूही रद्द.


जतकर | १३ ऑक्टोबर, सकाळी ६:१२

दादा, तुमची पाळीव कारवान हाय म्हणून बोलतो. आमच्या वस्तीवर चार पिढ्या हीच कुत्री हायती. दुकानातला साधा हार्नेस कारवानाला चालत न्हाई. लॅब्रेडॉरचं डोकं मोठं, मान जाड. आपल्या कुत्र्याचं डोकं निमुळतं, छाती खोल आणि कंबर मुठीएवढी. पुढं ओढलं तर हार्नेस घट्ट बसतोय. पण ते भ्यालं आणि मागं सरकलं की छातीवरनं पट्टा सरकून डोक्यावाटं भायेर. तुमच्या हातात नुसती दोरी.

खरं वाटत नसल तर आज घरात करून बघा. समोर उभं ऱ्हावा, दोरी तुमच्याकडं ओढा, ती मागं रेटंल. किती वेळात निघती ते मोजा.

दुसरं, थंडी. ह्या जातीला अंगावर चरबी न्हाई आन केस आखूड. पळताना बरं, बसल्यावर कापतंय. जॅकेट-बिकेट घ्यायच्या आधी एक जुनी घोंगडी बघा. खाली अर्धी, वर अर्धी. दव पडलं तरी आत ऊब ऱ्हाती, नखानं फाटत न्हाई, ठिणगी पडली तर पेट घेत न्हाई, नुसतं करपतंय. वजन हाय, ते तुम्ही व्हायचं.

तिसरं, गळ्यात घुंगरू बांधा. दिवसा.


कंदीपेढा | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

घुंगरू कशाला? सशाला आधीच कळणार.


जतकर | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

म्हणूनच.


माचीवरचा | १३ ऑक्टोबर, रात्री ८:१५

जतकर, चार सेकंद. जिन्यात उभं राहून करून बघितलं. तिनं मागचे पाय रोवले, मान खाली घातली, खांदे आत ओढले आणि हार्नेस माझ्या हातात. वर माझ्याकडं असं बघितलं की दोन वर्षं मी तिला बांधलेलं नव्हतंच, ती माझ्या समाधानासाठी आत बसत होती.


वाईची_मावशी | १३ ऑक्टोबर, रात्री ९:३०

माझ्याकडे गावठी कुत्रा आहे, पांडू. त्याला घेऊन आतापर्यंत नऊ रात्री बाहेर काढल्यात, बहुतेक वाईच्या आसपास. तेव्हा तंबूबद्दल दोन शब्द.

एकट्याचा तंबू पुरणार नाही. माणूस एक आणि २२ किलोचं कुत्रं म्हणजे दोघांचा तंबू लागतो, आणि सामान बाहेरच्या पडवीत. विकत घेताना वजन आणि रंग बघण्याआधी तो स्वतःच्या काड्यांवर उभा राहतो का ते बघा. आपल्याकडच्या पठारांवर वीतभर मातीखाली कातळ असतो. ठोकलेला खिळा वाकतो, आत जात नाही. खिळ्यांच्या ताणावरच उभा राहणारा हलका महाग तंबू तिथं लोळागोळा होतो. घुमटासारखा, काड्यांवर उभा राहणारा घ्यायचा आणि कोपऱ्यांना दगड बांधायचे. दगडाला थेट दोरी गुंडाळू नका, काचून तुटते. कापडी पिशवीत दगड घालून पिशवीला बांधा.

तळाला कुत्र्याची नखं लागतात. आदल्या दिवशी नखं कापून कानशीनं घासून घ्यायची (पांडूची घासताना शेजारी जमतात). वर जाड फोमची चटई, तिच्यावर घोंगडी. हवा भरायची गादी अजिबात नको, पहिल्या तासात फुस्स होते. अनुभव आहे, माझीच होती, साडेतीन हजारांची.

आणि तंबूची सवय घरी लावा. हॉलमध्ये चार दिवस उभा करून ठेवा, जेवण आत द्या. चेनचा आवाज, कापडाची फडफड, टॉर्चमध्ये पडणाऱ्या सावल्या हे सगळं त्यांना पहिल्यांदा अंधारात भेटायला नको. पांडू पहिल्या रात्री स्वतःच्या सावलीवर पहाटे तीनपर्यंत भुंकला. बेलमाचीचे लोक चांगले आहेत, त्यांची परीक्षा बघू नका.


डॉ_गोठा | १४ ऑक्टोबर, दुपारी २:५०

पशुवैद्य आहे, वाळवा तालुक्यात. बहुतेक वेळ म्हशींमध्ये जातो, पण कुत्री येतात. वरती कुणी पाण्याचा हिशोब केलेला नाही म्हणून लिहितो.

घरी बसलेल्या कुत्र्याला दिवसाला किलोमागं ५० ते ६० मिली पाणी लागतं. म्हणजे तुमच्या कुत्रीला सव्वा लिटर. चढाच्या दिवशी दुप्पट धरा, ऊन असेल तर त्याहून जास्त. दोन दिवसांत तिचंच पाच-सहा लिटर होतं, म्हणजे पाच-सहा किलो. हे तुमच्या पाठीवर येणार आहे हे आधी मान्य करा, मग बाकीच्या सामानाची यादी आपोआप आखूड होते. पाठपिशवीचा तुम्ही म्हणता तो बेत फार कामाचा नाही. पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्यानं स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत ओझं घेतलं तर हरकत नाही, म्हणजे तुमच्याकडं दोन किलो. एक-एक लिटर दोन्हीकडं. पण कारवानाच्या बगलेत कातडी पातळ असते, पट्टा घासून सालटं निघतं. घ्यायचीच असेल तर महिनाभर रिकामी घालून फिरवा.

बूट दहातली आठ कुत्री काढून टाकतात. तरी एक जोडी मागच्या खिशात असावी, चालायला नव्हे, पंजा कापला तर पट्टीवर घालायला. उन्हात कातळावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवा. तुम्हाला सोसत नसेल तर तिच्या पंजालाही नाही. बूट शोधण्यापेक्षा त्या वेळी सावली शोधा.

जेवण दीडपट ते दुप्पट लागेल, पण भरपेट खाऊन लगेच चढ नको आणि चढून आल्या आल्या जेवण नको. खोल छातीच्या कुत्र्यांत पोटाला पीळ पडतो, आणि डोंगरावर त्याला इलाज नाही. मध्ये तास-दीड तास जाऊ द्या.

औषधाच्या डब्यात: बीटाडीन, गॉज, स्वतःलाच चिकटणारी पट्टी, चिमटा, सलाईनची छोटी बाटली डोळे धुवायला, डिजिटल थर्मामीटर. कुत्र्याचं नॉर्मल तापमान ३८ ते ३९.२ सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्या हिशोबानं तापच, घाबरू नका. साडेचाळीसच्या वर गेलं आणि ती धापा टाकत लटपटत असेल तर सावलीत घ्या, पोटाला-जांघेला पाणी लावा, वारा घाला आणि उतरायला लागा. तुमच्या पिशवीतली पॅरासिटामॉल किंवा आयब्रुफेन तिला देऊ नका. एका गोळीनं काय होतंय म्हणून आलेले पेशंट मी पाहिलेत.

गोचीड. पावसाळ्यानंतर गवतात मरणाची असते. चघळायची गोळी मिळते, फ्लुरालानेर असेल तर एक गोळी बारा आठवडे चालते. निघायच्या आठवडाभर आधी द्या, आदल्या रात्री नव्हे. आल्यावर दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा: ताप, खाणं सोडणं, हिरड्या पांढऱ्या पडणं. यातलं काही दिसलं की रक्त तपासा. (घरात मांजर असेल तर कुत्र्याचं पर्मेथ्रिनवालं औषध त्याच्या जवळपासही नको, मांजराला ते विष आहे.) रेबीज आणि लेप्टोची लस वर्षाच्या आतली हवी.

साप चावला तर कापायचं नाही, करकचून बांधायचं नाही, चालवायचं नाही. उचलून आणायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवर माणसाला देतात तेच सर्पविषविरोधी इंजेक्शन कुत्र्यालाही चालतं. पण ते सगळ्या दवाखान्यांत नसतं, म्हणून निघायच्या आधी जवळच्या दोन डॉक्टरांना फोन करून विचारून ठेवा. त्या दिवशी विचारत बसायला वेळ नसतो.

आणि एक. बेदाणे नेऊ नका.


भडंग_सांगली | १४ ऑक्टोबर, दुपारी ३:१०

डॉक्टर, बेदाण्यानं काय घोडं मारलंय? तासगावचा माणूस आहे मी. आमच्या ट्रेकच्या पिशवीत दुसरं काही नसतंच.


डॉ_गोठा | १४ ऑक्टोबर, दुपारी ३:३४

तासगावच्या माणसालाच आधी सांगायला हवं. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या किडन्या निकामी करू शकतात. बेदाण्यात पाणी उडून गेलेलं असतं, त्यामुळं थोड्यात जास्त जातं. किती खाल्ल्यावर होईल याचा भरवसा नाही, एखादं कुत्रं मूठभर पचवतं, एखादं चार दाण्यांनी आडवं होतं. कारण बरीच वर्षं कळत नव्हतं, आता संशय द्राक्षातल्या टार्टारिक ॲसिडवर आहे. खाल्लं तर लक्षणं दिसायची वाट न बघता तासा-दोन तासांत डॉक्टर गाठा, उलटी करवता येते. तोच नियम कांदा, लसूण आणि चॉकलेटला.


भडंग_सांगली | १४ ऑक्टोबर, दुपारी ३:४१

आमचा टायगर बेदाण्याच्या शेडवर राखणीला आहे हो. तीन वर्षं.


डॉ_गोठा | १४ ऑक्टोबर, दुपारी ३:५२

पडलेले दाणे खातो का?


भडंग_सांगली | १४ ऑक्टोबर, दुपारी ३:५५

आतापर्यंत कुणी बघितलं नाही. आजपासून बघणार. भडंग तरी चालतं का?


डॉ_गोठा | १४ ऑक्टोबर, दुपारी ४:०१

त्यात लसूण असतो. तुम्हीच खा.


गडपुरुष | १५ ऑक्टोबर, सकाळी ७:४५

कडू वाटेल पण लिहितो. कुत्री गडावर आणूच नयेत असं माझं मत. मागच्या हिवाळ्यात एका गडावर पिण्याच्या टाक्यात एका साहेबांचं लॅब्रेडॉर पोहत होतं आणि साहेब व्हिडिओ काढत होते. आम्ही आठ जण रिकाम्या बाटल्या घेऊन काठावर उभे. त्या टाक्याचं पाणी खालच्या वस्तीची गुराखी पोरंही पितात. वर विष्ठा पायऱ्यांवर. सामान काय घ्यावं यावर एवढी चर्चा, पण खुरपं कुणी लिहिलेलं नाही.


वाईची_मावशी | १५ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

गडपुरुष, राग रास्त आहे. खुरपं माझ्या पिशवीत असतं, लिहायचं राहिलं. वीतभर खड्डा, वाटेपासून आणि पाण्यापासून लांब, वर माती आणि दगड. टाक्याशी पांडू दहा पावलं अलीकडे बांधलेला असतो. पाणी शेंदून आणून त्याच्या भांड्यात. त्यासाठी वीस फूट पातळ दोरी आणि वरून कापलेला पाच लिटरचा तेलाचा कॅन असतो सोबत. वजन नाहीच.

पाटणजवळच्या दातेगडावर कुणी कुत्रं नेणार असेल तर त्या तलवारीच्या आकाराच्या विहिरीपाशी हात सोडू नका. वरून उघडी आहे आणि खोल आहे. कुत्र्याला वास दिसतो, कड दिसत नाही.


रानवाटा_कराड | १५ ऑक्टोबर, सकाळी १०:०२

आग्या मोहोळाचंही लिहून ठेवा. कड्यात पोळी असतील तिथं धूर, अत्तर आणि भुंकणं तिन्ही नको. कुत्रं बांधलेलं असेल आणि माश्या उठल्या तर दोरी झटक्यात सुटली पाहिजे, म्हणून कडीला गाठ मारू नका, हूक हवा.

आणखी एक. २२ किलोचं कुत्रं लंगडं झालं तर खाली कसं आणणार? जुनं नऊवारी घ्या. पांघरायला होतं, दव टिपायला होतं, आणि दोन काठ्यांना बांधलं की झोळी होते. एकटे असाल तर पाठीला झोळीसारखं बांधून उतरता येतं. दुखावलेलं कुत्रं मालकालाही चावतं, म्हणून आधी तोंडाला गॉजची पट्टी हलकेच गुंडाळायची. उलटी येत असेल किंवा धाप लागली असेल तर मात्र तोंड बांधू नका.


माचीवरचा | १६ ऑक्टोबर, रात्री ९:१०

गडपुरुष, खुरपं घेतलं. कॅन कापला.

हार्नेसचं सांगतो. कमरेचा तिसरा पट्टा असलेले हार्नेस बाहेरच्या कंपन्यांचे मिळतात, पण किंमत बघून मी माझ्या जेवणाचाच विचार करायला लागलो. मग आमच्याकडं रिक्षाचे हूड शिवणारे एक काका आहेत त्यांच्याकडं तांबूला घेऊन गेलो. त्यांनी तिला दुकानात उभं करून खडूनं थेट तिच्या अंगावर खुणा केल्या. माझ्याच जुन्या हार्नेसला पोटाखालून पाठीवर जाणारा एक पट्टा जोडला आणि तिसरा आडवा पट्टा शेवटच्या बरगडीच्या मागं, जिथं तिचं पोट आत जातं तिथं. आता मागं सरकली तरी तो पट्टा खोल छातीवरून पुढं येऊच शकत नाही. वर पाठीवर हातात धरायला मूठ, हूडचं रेक्झिन दुहेरी करून. सगळ्याचे साडेतीनशे रुपये. जिन्यातली परीक्षा परत घेतली. दहा मिनिटं झटापट केली, मग बसून राहिली.


कंदीपेढा | १६ ऑक्टोबर, रात्री ९:१८

रिक्षाचा नंबरही टाकून घ्या मागं.


माचीवरचा | २४ नोव्हेंबर, रात्री ८:३०

जाऊन आलो. वृत्तांत.

शनिवारी सकाळी किकली, तिथून बेलमाची. उन्हाच्या आत वंदन केला, दुपारी झाडाखाली पडून राहिलो, तंबू खाली एका शेतकरी दादांच्या कापणी झालेल्या रानात. त्यांनी एकच अट घातली, शेळ्यांकडं कुत्री जाता कामा नये. तीन पट्ट्यांचा हार्नेस, दहा फुटी दोरी, दोरी माझ्या कमरेला. चढावर दोन ठिकाणी ती मूठ धरून तिला वर घेतली. साडेतीनशे रुपयांत याहून चांगली वस्तू मी आयुष्यात घेतलेली नाही.

ज्याचा इथं कुणी उल्लेख केला नव्हता ते म्हणजे कुसळं. नोव्हेंबरात वाळलेल्या कुसळी गवतातून अर्धा तास चाललो आणि तांबू एकदम तीन पायांवर आली. पुढच्या उजव्या पंजात, बोटांच्या बेचक्यात, एक कुसळ अर्धं आत गेलेलं. त्याला एकाच दिशेनं काटे असतात, चालेल तसं आतच सरकतं. चिमट्यानं मुळाशी धरून सरळ ओढलं, बीटाडीन लावलं. मग तिथंच बसून चारी पंजे, बगला आणि कान तपासले: एकूण एकतीस. मोजली, कारण दुसरं करायला काही नव्हतं. इथं डॉक्टरांचे बूट उपयोगी पडले. पुढच्या दोन पायांत घातले, गवताचा पट्टा ओलांडला, काढले. सगळा वेळ ती चिखलात पाऊल पडलेल्या मांजरासारखी चालत होती. कानांवर माझा जुना मफलर.

रात्री चांगली थंडी. दोघांचा तंबू मावशींनी सांगितला तसा घुमटाचा, मित्राकडून आणला. घोंगडीत तिला गुंडाळली तर सकाळपर्यंत हलली नाही. मीच कुडकुडलो, कारण रात्री कधीतरी माझीही अर्धी घोंगडी तिच्याकडं गेली होती.

आता चूक सांगतो, माझीच. हार्नेसनं बगलेत थोडं लाल झालेलं दिसलं म्हणून झोपताना काढून ठेवला, घुंगरूही काढलं. पहाटे सहाला बाहेर जायला तंबूची चेन उघडली. समोर वीस फुटांवर ससा. मी "तां" म्हणेपर्यंत ती बांधावर, "बू" म्हणेपर्यंत दिसेनाशी. गळ्यातल्या पट्ट्याला ब्लूटूथचा टॅग होता, ऑफिसमध्ये सगळ्यांकडं आहे म्हणून घेतलेला. तो आजूबाजूला दुसऱ्यांचे फोन असतील तरच सापडतो. डोंगरावर आजूबाजूला कोण असणार, मी आणि ससा. शेवटचं ठिकाण दाखवत होता: माझा तंबू.

दीड तास हाका मारत फिरलो. तिच्या पट्ट्यावर मार्करनं माझा नंबर लिहिलाय. एका गुराखी पोरानं तो वाचून तीनदा फोन केला होता, आणि बॅटरी वाचावी म्हणून माझा फोन बंद. शेवटी त्यानंच खिंडीतून "ओ कुत्रंवाले" अशी हाक दिली. गेलो तर ही त्याच्या शेजारी बसलेली, समोर फडकं रिकामं. त्याची दुपारची दीड भाकरी हिनं खाल्ली होती. वर मिरचीचा ठेचा तेवढा काढून ठेवला होता. पोराला माझ्याकडचा सगळा शिधा देऊन आलो, दिवाळीतल्या शेवेसकट.

उघडलंच नाही ते: सिलिकॉनचं भांडं (एकदा समोर ठेवलं, तिला त्याचा वास आवडला नाही, कापलेल्या कॅनमधूनच प्यायली), कुत्र्याचा रेनकोट, आणि पाठपिशवी, ती घरीच ठेवली. पाणी सहा लिटर नेलं होतं, तिनं साडेचार प्यायलं.


डॉ_गोठा | २४ नोव्हेंबर, रात्री ९:०५

पंजा पाच-सहा दिवस रोज बघा. सूज आली किंवा एकच जागा चाटत राहिली तर कुसळाचा तुकडा आत आहे असं समजून दाखवा. आणि बगलेत लाल होत असेल तर रात्री नुसता पट्टा आणि दोरी ठेवा, दोरीचं दुसरं टोक तुमच्या मनगटाला. मोकळं नको.


जतकर | २५ नोव्हेंबर, सकाळी ६:०४

घुंगरू काढलं रात्री ते बराबर केलं. पर चेन उघडायच्या आधी बांधायचं ना दादा.


गडपुरुष | २५ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

खुरपं वापरलं का?


माचीवरचा | २५ नोव्हेंबर, सकाळी ८:४१

दोनदा. माझ्यासाठी धरून तीनदा.


भडंग_सांगली | २५ नोव्हेंबर, सकाळी ११:१५

टायगर शेडवरनं हलवला, आता मळ्यातल्या घराशी असतो. त्यालाही एकदा दंडोबाच्या डोंगरावर न्यायचा विचार आहे. तो हूडवाल्या काकांचा पट्टा आमच्याकडं सांगलीत कुणी शिवून देईल, मापं कशी घ्यायची तेवढं सांगा.


माचीवरचा | २५ नोव्हेंबर, रात्री ९:२०

सोपं आहे. गळ्याच्या बुडाचा घेर, छातीचा सगळ्यात जाड घेर (पुढच्या पायांच्या चार बोटं मागं), आणि शेवटच्या बरगडीच्या मागं कमरेचा घेर. पाठीवर पहिल्या आणि तिसऱ्या पट्ट्यातलं अंतर. पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढं सैल. बकल दुकानातलं साधं नको, जाड पट्टीचं मागा. आणि मापं कागदावर नेऊ नका, कुत्रं घेऊनच जा. फक्त शिवणाऱ्याच्या दुकानात मांजर आहे का ते आधी फोन करून विचारा. आम्ही विचारलं नव्हतं.